कीकरची मुलगी

विद्यापीठातला माणूस आला तेव्हा मी दारात उभी होते,
हातात अर्धा सोललेला बटाटा.
त्याच्यापाशी पेटीएवढा टेपरेकॉर्डर होता
आणि एक वही, जिच्यात तो
डरहॅमच्या गावागावांतून
शेवटच्या घटका मोजणारे शब्द उतरवून नेत होता.
"कीक," तो म्हणाला, "चालतो का हा शब्द अजून?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"चालतो म्हणजे? तेवीस वर्षं
आमच्या घराचं पोट त्याच्यावर चाललं."

कीक म्हणजे बघणं. पण सरळ नव्हे.
पडदा बोटभर सारून, दाराला फट ठेवून,
आपण कुणाला दिसू नये अशा बेतानं.
आणि कीकर म्हणजे मी.
खाणीच्या तोंडाशी उभा राहायचो,
वर येणाऱ्या प्रत्येक डब्यात डोकवायचो:
कोळसा किती, दगड किती.
दगड जास्त निघाला की
डब्याला अडकवलेला बिल्ला काढायचा,
नंबर वाचायचा, फळ्यावर लिहायचा.
खाली कुशीवर पडून खणणाऱ्याला
पाळी संपल्यावर कळायचं
की तो डबा फुकट भरला.

फीत फिरत होती. "दुसराही एक अर्थ आहे म्हणे?"
आई चुलीकडून वळलीसुद्धा नाही.
"काळानिळा डोळा. तोही कीकरच.
यांनाच विचारा,
एका तोंडावर दोन्ही अर्थ कसे मावतात ते."

बाबा बोलले नाहीत. फीत नुसती खरखरली.

तो शुक्रवार मला पाठ आहे.
नंबर एक्केचाळीस, कथबर्ट हेपल.
फेब्रुवारीत त्याची इझोबेल गेली
आणि त्याच्या डब्यांत दगड वाढू लागला.
बाबांनी तीन आठवडे काणाडोळा केला.
नोकरी बघण्याची, आणि काणाडोळा!
चौथ्या आठवड्यात मॅनेजर शेजारी येऊन उभा राहिला.
बाबांनी बिल्ला काढला, नंबर वाचला, मोठ्यानं.

रात्री हेपल आला. एकच ठोसा.
आम्हाला वाटलं, पैसे कापले म्हणून.
पण तो आमच्या पायरीवर मटकन बसला, म्हणाला,
"तीन आठवडे मी नुसता दगड वर पाठवतोय, रिडली.
तीन आठवडे.
आणि तू बघितलंच नाहीस."

आईनं त्याला चहा दिला. बाबांना ओला फडका.
बाबा त्याच्याशेजारी बसून राहिले
एका डोळ्यानं रस्त्याकडे बघत.
दुसरा मिटत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ
त्या सुजलेल्या पापणीच्या फटीशी तोंड नेऊन
कीक-बो खेळला. कीक-बो!
आत बाबा आहेत की नाहीत, बघत.
हा अर्थ त्या वहीत गेला नाही. मीच सांगितला नाही.

जाताना मी त्याला विचारलं, शब्द आला कुठून?
त्यानं समुद्राच्या दिशेनं हात केला.
पलीकडचा असावा, डच, किंवा त्यांच्या शेजारचा.
कोण कुणाकडून शिकलं, नक्की सांगता येत नाही.
वहीत त्यानं प्रश्नचिन्ह काढलं,
आणि पेटी उचलून बस गाठली.

खाण बुजवली. तिच्यावर गवत आलं,
गवतावर फुटबॉलचे खांब.
कैक वर्षांनी, बाबा, आई, हेपल कुणीच नसताना,
मी एकदा पलीकडच्या किनाऱ्यावर गेले.
ओहोटी होती. पॅंट दुमडलेली एक आजी
नातवाला लाटांतलं काहीतरी दाखवत होती,
सील असेल, किंवा तरंगणारं लाकूड.
"कैक!" ती ओरडली. "कैक!"

आमच्याकडे तो शब्द दबकत चालायचा.
इथे तो उघड्यावर, वाऱ्यात, हात लांब करून.
मी बघितलं.
पोराच्या आधी मी बघितलं,
कुणीतरी माझा नंबर मोठ्यानं वाचावा तशी.